काय नाय रं, झोप नाय झाली

नववीत माझ्या शेजारी बसायचा त्याला इथं शिऱ्या म्हणूया, खरं नाव वेगळं आहे. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, आमचं हायस्कूल, मागून दुसरा बाक. शिऱ्या कंपासमधलं कर्कटक काढायचा आणि बाकाच्या लाकडात टोचत बसायचा, एकाच जागी, तास संपेपर्यंत, आणि भोक पार आरपार गेलं की त्याच्या शेजारी दुसरं. सरांनी दोनदा वर्गाबाहेर उभं केलं, तिसऱ्यांदा वडिलांना बोलावलं, सगळ्यांचं म्हणणं एकच, पोरगं माजलंय. आठवीपर्यंत हाच शिऱ्या पहिल्या बॅटिंगसाठी भांडायचा, आणि नववीच्या दिवाळीनंतर तो बाऊंड्रीला जाऊन उभा राहायला लागला, बॉल पायाशेजारून गेला तरी हलायचा नाही, आम्ही लांबून शिव्या घालायचो. एकदा मी विचारलं, काय झालंय रं तुला, तर म्हणाला काय नाय रं, झोप नाय झाली. मी म्हटलं बरं.

रविवारी मात्र तो माझ्याबरोबर दळणाला यायचा. त्याच्या घरचं दळण नसलं तरी यायचा. सायकलच्या कॅरियरला डबा बांधायचा, गिरणीत नंबर लावायचा आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसायचं, पट्ट्याचा आवाज एवढा की शेजारचा काय बोलतोय तेही ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही बोलायचोच नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेली काही वर्षं मी किशोरवयातल्या डिप्रेशनबद्दल मिळेल ते वाचतोय आणि दर थोड्या पानांनी मला तो बाक दिसतो. डॉक्टर लोक निदानासाठी जी डीएसएम नावाची पुस्तिका वापरतात त्यात डिप्रेशनची नऊ लक्षणं दिलीत, त्यातली किमान पाच, किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ असायला पाहिजेत, आणि त्या पाचांत उदास मन किंवा कशातच रस न वाटणं यातलं एक तरी हवंच. पण मुलांच्या आणि किशोरांच्या बाबतीत तिथंच एक गोष्ट जोडलेली आहे, की उदासीच्या जागी नुसती चिडचिड दिसत असली तरी ती धरायची. म्हणजे आपल्या डोक्यात डिप्रेशनचं जे चित्र आहे, कोपऱ्यात बसलेला, डोळ्यात पाणी, तसं पंधरा वर्षांच्या पोराचं दिसेलच असं नाही. ते दार आपटताना दिसेल, जेवणाचं ताट ढकलताना दिसेल, सरांना उलट बोलताना दिसेल. डोकं दुखतंय, पोटात कसंतरी होतंय असंही सांगेल, कारण दुखणं शरीराचं असलं की ते सांगायला लाज वाटत नाही.

आता कोणी म्हणेल या वयात चिडचिड तर सगळीच पोरं करतात, झोपही सगळ्यांची बिघडते, आणि ते बरोबरच आहे. वयात येताना शरीरातलं घड्याळ एक-दोन तास पुढं सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढतं, म्हणून अकरा-बारापर्यंत डोळा लागत नाही आणि सकाळच्या शाळेला पोरगं उठत नाही, हा काही आजार नाही. पण नॉर्मल चिडचिडीत पोरगं आईवर ओरडतं आणि अर्ध्या तासात ग्राउंडवर जाऊन हसत-खिदळत असतं. डिप्रेशनमध्ये ग्राउंडही जातं. आणि त्याचं एक कारण मेंदूतही सापडतं. काहीतरी छान घडणार आहे किंवा घडलंय, त्याचा आनंद नोंदवणारा स्ट्रायटम नावाचा भाग असतो, तो एरवी किशोरवयात भलताच जागा असतो, आणि डिप्रेशन असलेल्या मुलामुलींचे मेंदूचे स्कॅन बघितले तर बक्षीस मिळाल्यावरही तिथली हालचाल सरासरीनं कमी दिसते. शिऱ्या बॉलमागं पळत नव्हता तो आळस नव्हता. बॉल अडवून जे वाटायचं तेच वाटेनासं झालं होतं, मग कोण कशाला पळेल?

वयात येण्याआधी मुलामुलींत डिप्रेशनचं प्रमाण जवळपास सारखं असतं, नंतर ते मुलींमध्ये जवळजवळ दुप्पट होतं असं बऱ्याच देशांत दिसलंय. हे वाचून वाटतं की चला, पोरं त्यातल्या त्यात सुटली. मला नाही तसं वाटत. आपल्याकडं २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं जे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं त्यात (महाराष्ट्र नव्हता) १३ ते १७ वयात मानसिक आजारांचं एकूण प्रमाण ७.३ टक्के निघालं आणि मुलं-मुली जवळपास बरोबरीत. आणि आत्महत्यांचा आकडा बघा, २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या, सगळ्यात जास्त १,७६४ आपल्या महाराष्ट्रात, आणि देशभरच्या आकड्यात मुलं मुलींपेक्षा जास्त. यात कॉलेजातलेही आले, आणि प्रत्येकामागं डिप्रेशनच होतं असंही नाही, पण निदान कमी आणि मरण जास्त हे गणित जुळत नाही, मधे कुठंतरी पोरं मोजायची राहतायत.

अमेरिकेत लिसा मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हेच तपासलं, मोठ्या माणसांवर. नेहमीच्या लक्षणांबरोबर त्यांनी रागाचे झटके, दारू आणि इतर नशा, जिवावरचा धोका पत्करणं ही लक्षणंही मोजली, आणि बायकांमध्ये ३३.३ टक्के आणि पुरुषांमध्ये ३०.६ टक्के असा डिप्रेशनचा आकडा आला, म्हणजे फरक जवळजवळ मिटलाच. प्रश्न काय विचारता त्यावर उत्तर ठरतं. गाडी बेफाम पळवणाऱ्या पोराला आपण विचारतो एवढा कसला माज, तू बरा आहेस का असं नाही विचारत.

मग हे आधी दिसतं कुणाला? आईबापांना उशिरा, सरांना त्याहून उशिरा. दिसतं ते शेजारी बसणाऱ्याला. पण नेमकी इथंच अडचण आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या निओबी वे या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं त्याच-त्याच मुलांना भेटून त्यांच्या दोस्तीबद्दल मुलाखती घेतल्या. तेरा-चौदाव्या वर्षी पोरं जिवलग मित्राबद्दल अगदी भरभरून बोलायची, त्याच्याशिवाय करमत नाही, माझी गुपितं फक्त त्यालाच माहीत, असं सरळ सांगायची. तीच मुलं सोळा-सतराची झाली की खांदे उडवायला लागली, तसा काही खास मित्र नाही, आहेत सगळे ग्रुपमधले. आणि खोदून विचारलं की कळायचं, मित्र हवाय, त्याची आठवणही येते, पण तसं बोललं तर लोक बायकी म्हणतील. म्हणजे अभ्यासाचं, घरचं, शरीराचं सगळं ओझं एकदम वाढतं त्याच वयात पोरं आपला सगळ्यात जवळचा आधार स्वतःच्या हातानं सोडून देतात.

हे अमेरिकेतलं आहे, आपल्याकडं तंतोतंत असंच असेल असं मी म्हणणार नाही. आपल्याकडं दहावी-बारावीची पोरंही एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फिरतात, एका सायकलवर तिघं बसतात, एका प्लेटमध्ये वडापाव खातात, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही, ही फार मोलाची गोष्ट आहे असं मला मनापासून वाटतं. पण अंगानं जवळ असतात तेवढी शब्दानं नसतात. कोणी बोलता बोलता रडवेला झाला की ‘बायल्या’ हा एक शब्द येतो आणि तो परत कधी तोंड उघडत नाही. आणि दहावीनंतर एक जण सायन्सला, एक आयटीआयला, एक मामाकडं पुण्याला, अशी पांगापांग होते ती वेगळीच.

मिसूरी विद्यापीठाच्या अमांडा रोज यांनी जवळजवळ दोन हजार मुलामुलींना विचारलं की मित्रमैत्रिणींशी आपल्या प्रॉब्लेमबद्दल बोललं तर कसं वाटेल. अंदाज असा की मुलं म्हणतील लाज वाटते, भीती वाटते. पण लाजेचा, भीतीचा मुद्दा मुलांनी मुलींपेक्षा जास्त काही सांगितला नाही, ती म्हणाली की ते जरा विचित्रच वाटतं आणि त्यात वेळ वाया जातो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण पोरांना सारखं सांगतो घाबरू नकोस, बोल, आणि त्याला मुळात बोलून उपयोग काय हेच पटलेलं नसतं. याच बाईंच्या २००७ च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, की तोच तोच प्रॉब्लेम मैत्रिणीबरोबर सारखा उगाळत बसल्यानं मुलींची मैत्री घट्ट होते पण उदासीही वाढते. मुलांची मैत्री घट्ट झाली, उदासी मात्र वाढलेली दिसली नाही. म्हणजे पोरांना बोलण्यात तोटा फारसा नाही आणि तीच बोलायला तयार नाहीत.

मग न बोलणाऱ्याचं काय? यावर २०१५ चा एक अभ्यास मी ज्याला त्याला सांगत असतो. इंग्लंडमधल्या एडवर्ड हिल, फ्रान्सेस ग्रिफिथ्स आणि थॉमस हाऊस यांनी अमेरिकेतल्या हायस्कूलच्या दोन हजारांहून जास्त मुलामुलींची माहिती घेतली, कोण कोणाचा मित्र आणि कोणाचं मन कसं आहे, आणि सहा ते बारा महिन्यांनी त्यात काय बदललं ते गणितानं बघितलं. डिप्रेशन मित्राकडून मित्राला लागत नाही असं निघालं, निरोगी मन मात्र पसरतं. ज्याला मनानं बरे असलेले पाच किंवा जास्त मित्र त्याला डिप्रेशन येण्याची शक्यता निम्म्यावर येते, आणि असे दहा मित्र असले तर आहे त्यातून बाहेर यायची शक्यता दुपटीनं वाढते. त्या मित्रांनी काही समुपदेशन केलं होतं का, तर नाही, मित्र होते एवढंच. म्हणून उदास पोराशी दोस्ती नको, आपलं पोरगंही तसं होईल, असं म्हणून जे आईवडील पोराला त्याच्यापासून तोडतात त्यांना मी हात जोडून सांगेन की तसं करू नका.

आणि शाळेनं मनावर घेतलं तर काय होतं ते आपल्याच देशात दिसलंय. गोव्यातल्या संगथ या संस्थेनं बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी शाळांत ‘सेहर’ नावाचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. काही शाळांत साधा, थोडं ट्रेनिंग दिलेला माणूस नेमला, डॉक्टर नाही की मानसशास्त्रज्ञ नाही, काही शाळांत तेच काम तिथल्याच शिक्षकांना दिलं आणि काही शाळा तशाच ठेवल्या. जिथं वेगळा माणूस होता तिथं शाळेतलं वातावरण सुधारलं, दादागिरी कमी झाली, डिप्रेशनची लक्षणंही कमी झाली. शिक्षकांकडं दिलेल्या शाळांत काहीच फरक पडला नाही. शिक्षक वाईट असतात असं याचा अर्थ कोणी काढू नये, पण जो मार्क देतो, जो वर्गाबाहेर उभं करतो, त्याच्यापाशी जाऊन पोरगं मन मोकळं कसं करणार?

एक भीती सगळ्यांना असते, मलाही होती, की जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का असं आपण विचारलं आणि त्याच्या डोक्यात नसलेलं घातलं तर? न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कूलमधल्या २,३४२ मुलामुलींवर हे नीट तपासलंय, २००५ मध्ये छापून आलंय. ज्यांना असे प्रश्न विचारले त्यांच्यात तसे विचार वाढले नाहीत, आणि जी मुलं आधीच उदास होती त्यांचा त्रास प्रश्न विचारल्यामुळं उलट थोडा हलकाच झालेला दिसला. तेव्हा विचारा. समोरासमोर बसवून नको, त्यानं पोरं बावचळतात, गाडीवर मागं बसवून, पंक्चर काढताना, कॅरम खेळताना विचारा. आणि मित्रानं विचारलं आणि उत्तर हो आलं तर ते गुपित पोटात ठेवायचं नाही, ‘कुणाला सांगू नको, शपथ आहे’ म्हणाला तरी सांगायचं, मोठ्या भावाला, मावशीला, ज्या सरांवर विश्वास आहे त्यांना. पंधरा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर दुसऱ्या पंधरा वर्षांच्या पोराचा जीव ठेवणं हा त्या दोघांवर अन्याय आहे. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकटचा नंबर आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलतात. आणि औषधाला घाबरायचं कारण नाही, ४३९ किशोरांवर झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत औषध आणि बोलण्याची थेरपी दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के मुलं १२ आठवड्यांत बऱ्यापैकी सुधारली, नुसती साखरेची गोळी मिळालेल्यांत हेच ३५ टक्के.

शिऱ्या दहावीला नापास झाला, पुढं ऑक्टोबरला सुटला, मग आमचं भेटणं तुटलं. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात दिसला, पंगत उठल्यावर आम्ही मांडवामागं जनरेटरपाशी जाऊन उभे राहिलो. कॉलेजात असताना मावसभावानं त्याला डॉक्टरकडं नेलं, दोन वर्षं गोळ्या घेतल्या, आता चांगला आहे, मुलगी पहिलीत आहे. नववीत किती वाईट अवस्था होती ते त्यानं सांगितलं, मी इथं सगळं लिहीत नाही. मी म्हटलं अरे मला का नाही सांगितलंस तेव्हा?

‘सांगितलं होतं की. गिरणीत. पट्टा चालू होता.’

मी काय केलं मग, असं विचारलं तर म्हणाला, तू हो हो म्हणून मान हलवलीस, तेवढ्यात आपला नंबर आला, तू डबा घ्यायला आत गेलास. मला काही सुचेना. मग पुढच्या रविवारी परत कशाला आलास माझ्याबरोबर, मी विचारलं.

‘येऊ नको तर काय. तेवढा एक तास बरा जायचा.’