‘ख्रिस्तवासी’ झालेला माणूस नक्की जातो कुठे?

मिरजेत श्रद्धांजलीचे फ्लेक्स वाचत फिरलं की फोटोखालच्या अक्षरांवरूनच माणूस कोणाच्या दारी गेला ते कळतं. कुणी ‘कै.’, कुणी माळकरी ‘वै.’, कुणी ‘पैगंबरवासी’, तर कुणी ‘ख्रिस्तवासी’. पण ख्रिस्ती दफनभूमीत गेलात तर जुन्या दगडांवर वेगळंच वाचायला मिळतं: ‘प्रभूमध्ये झोपी गेले’. मग माणूस गेला म्हणायचा की झोपला?

हा घोळ मिरजेतला नाही. त्याचं मूळ येशूच्याही आधीचं आहे. यहुद्यांच्या जुन्या ग्रंथांत मेलेला माणूस अधोलोकात जातो, भला असो की बुरा. तिथे बक्षीस नाही, शिक्षाही नाही, नुसता अंधार. ही समजूत हलली ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात. सिरियाच्या अंतियुख या ग्रीक राजाने यहुदी धर्मावर बंदी घातली आणि नियम पाळणारी माणसंच मारली जाऊ लागली. मग देवाचा न्याय कुठे उरला? बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातलं उत्तर असं, की मातीत झोपलेले जागे होतील. ‘झोपी गेले’ची मुळं इथवर जातात. तरी सगळ्यांना ते पटलं नव्हतं. येशूच्या काळात यहुद्यांचा परूशी पंथ पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्यांचं पुन्हा उठणं, मानत असे, सदूकी पंथ मानत नसे.

येशूनंतरच्या पहिल्या पिढीतला ख्रिस्ती प्रचारक पौल हा परूशी घडणीचा. इ. स. ५५ च्या सुमारास त्याने करिंथच्या मंडळीला लिहिलं, की पुरलेलं शरीर हे पेरलेलं बी आहे. सांगलीकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावायला नको. पेरला तो शाळूचा दाणा आणि कापलं ते कणसाचं ताट, दिसायला एक नाहीत, पण परकेही नाहीत. ग्रीक माणसाला मात्र शरीर म्हणजे तुरुंग, सुटलेला कैदी परत का मागेल? आपणही आत्मा जुनी वस्त्रं टाकतो हे ऐकतच वाढलो, म्हणून ‘शरीराचे पुनरुत्थान’ आपल्यालाही अडखळवतं.

पण मेलेले उठतील त्या शेवटच्या न्यायाच्या दिवसापर्यंत मेलेला माणूस असतो कुठे? पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलं, की इथून सुटून ख्रिस्ताजवळ असावंसं वाटतं. ‘ख्रिस्तवासी’ हा आपला शब्द त्याच्या अगदी जवळ बसतो. वधस्तंभावरच्या चोराला येशूने ‘आज’ सुखलोकाचं वचन दिलं. तो मूळ शब्द जुन्या पर्शियनमधला, अर्थ कुंपण घातलेली बाग. तरी वाद मिटला नाही. अखेर १३३६ मध्ये पोप बारावे बेनेडिक्ट यांनी ठरवून टाकलं, की शुद्ध झालेल्या आत्म्याला न्यायाच्या दिवसाची वाट न बघता देवदर्शन होतं. बाकीच्यांसाठी शुद्धीची मधली जागा होतीच. ती शिक्षा कमी करून देणाऱ्या पत्रांच्या विक्रीवरून १५१७ मध्ये जर्मन धर्मगुरू ल्यूथरने जो वाद काढला त्यातून चर्च फुटलं. सांगली-सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आलेले अमेरिकन मिशनचे लोक ही मधली जागा न मानणाऱ्या प्रॉटेस्टंट शाखेचे, मिरजेत १८९४ ला इस्पितळ काढणारे डॉ. वॉनलेस त्यांच्यातलेच. म्हणून इथे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, प्रार्थना करतात ती मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी. मृतांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करायचा २ नोव्हेंबर हा दिवस कॅथलिकांचा.

मराठी बायबलने ‘स्वर्ग’ हा शब्द घेतला तो इंद्र-अप्सरांसकट आला. आपल्या स्वर्गातून पुण्य संपलं की परत खाली यावं लागतं. ख्रिस्ती आशेत कायम वर जाणंही नाही. प्रकटीकरण या बायबलच्या अखेरच्या पुस्तकाच्या शेवटी नवं यरुशलेमच आकाशातून खाली उतरतं. हे फार कमी उपदेशांत ऐकू येतं, आणि माझ्या मते इथेच गाडी चुकते. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची ती चुकली नसावी. १९१७ मध्ये नगरचं मिशनचं काम सोडून ते साताऱ्याला आले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा झालेल्या-न झालेल्या सगळ्या ख्रिस्तभक्तांसाठी. दरबार भरायचा तो इथे, साताऱ्यात. मरेपर्यंत थांबायची अट नव्हती.

फ्लेक्स पंधरवड्यात उतरतो. दगड राहतो. ईस्टरच्या आधी घरचे लोक बादली, खराटा घेऊन येतात, दगड घासतात आणि बारीक ब्रशने अक्षरांत काळा रंग भरतात. ‘झोपी’तला ‘झो’ दरवेळी बुजलेला असतो, तिथे दोनदा हात फिरवावा लागतो.