फळीवरची काळी रेघ कोण ओढतं?

पावसाळा सरला की आपल्याकडे एखादा तरी व्हिडिओ फिरतोच: अमक्या गावात तोडलेल्या झाडाच्या खोडात देवाचं रूप उमटलं. खोडाला हळदकुंकू लागतं, नारळ फुटतात आणि बघता बघता तिथं दानपेटीही येते. यंदा असा एक व्हिडिओ मला कुणीतरी पाठवला आणि त्याच सुमारास उदगीरच्या एका तरुण चित्रकाराचं काम पाहायला मिळालं. गावरान आंब्याची रंधा मारलेली कोरी फळी आणि तिच्यावर कोळशानं काढलेला एका म्हातारीचा चेहरा. कपाळावर आलेल्या पदराचा काठ म्हणून एक बारीक, वळणावळणाची काळी रेघ दिसत होती. तिच्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "सर, ही मी काढलेली नाही. फळीतच होती."

खोडातला देव आणि फळीतला पदर या दोन्हींमागचा कारागीर एकच आहे, तो म्हणजे बुरशी.

आंब्याचं ओलं खोड पावसात वखारीबाहेर पडून राहिलं की आधी येतो तो निळसर-करडा डाग. झाडाच्या खोडात आतून बाहेर आडव्या जाणाऱ्या पेशींच्या ओळी असतात आणि त्यांत साखर, पिष्ट साठवलेलं असतं. डाग पाडणारी बुरशी त्या ओळींतूनच आत घुसते, म्हणून ओंडका आडवा कापला की डाग पाचरीसारखा, बाहेर रुंद आणि आत निमुळता दिसतो. आंब्यावर हे काम बऱ्याचदा लॅसिओडिप्लोडिया ही बुरशी करते. आंबा बागायतदार तिला चांगलं ओळखतात, कारण फळ देठाकडून काळं पडून सडतं त्यातही हिचा हात असतो. गंमत अशी की हिचे तंतू निळे नसतातच. ते गडद तपकिरी असतात. फिकट लाकडाच्या आत प्रकाश विखुरल्यामुळे आपल्याला ते निळसर भासतात. ही बुरशी मुख्यतः साठवलेल्या अन्नावर जगते, पेशींच्या भिंती फारशा खात नाही. त्यामुळे डागाळलेली फळी दिसते तितकी कमकुवत नसते. पॅकिंगच्या खोक्यांना ती स्वस्तात जाते, हे मला खरंच पटत नाही.

काळ्या रेघेची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि माझा जीव तिच्यातच अडकला आहे.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचे बीजाणू हवेतून येतात. एकाच ओंडक्यावर एकाच जातीचे अनेक बीजाणू पडतात आणि प्रत्येकातून एक स्वतंत्र जीव वाढू लागतो. हे जीव आत पसरत पसरत एकमेकांना भिडतात. दोघांचे तंतू टोकाशी जुळतात, भिंत विरघळते आणि दोन्हीकडचा पेशीरस एकत्र येतो. तिथं ओळख पटवण्याचं काम सुरू होतं. बुरशीच्या गुणसूत्रांवर काही ठरावीक जागा असतात. त्या सगळ्या जागांवरची जनुकं दोघांत सारखी असतील तर मीलन टिकतं. एका जागेवर जरी फरक निघाला, तरी जुळलेल्या पेशी स्वतःहून मरतात. चेस्टनटच्या झाडांना मारणाऱ्या बुरशीत अशा सहा जागा नीट अभ्यासल्या गेल्या आहेत. प्रत्येक जागेवर दोन पर्याय, म्हणजे २ चा ६ वा घात, ६४ प्रकार. त्यातल्या कुठल्याही दोन वेगळ्या प्रकारांचं सहजी जमत नाही.

इतका कडेकोट बंदोबस्त कशासाठी? पेशीरसाबरोबर विषाणूही पलीकडे जातात म्हणून. चेस्टनटच्या त्या बुरशीलाच एक विषाणू होतो आणि ती दुबळी पडते. युरोपात बुरशीचे प्रकार कमी, त्यामुळे विषाणू सहज पसरला आणि बरीच झाडं सावरली. अमेरिकेत प्रकार जास्त, तिथं तो जागोजागी अडला.

पेशी मेल्या की दोन्ही बाजूंनी मेलॅनिन साचू लागतं. आपल्या केसांना काळेपणा देणारी रंगद्रव्यंही मेलॅनिनच. बुरशीत ती थोड्या वेगळ्या रासायनिक वाटेनं तयार होतात. दोन शेतांमध्ये बांध पडावा तशी दोन जिवांमध्ये ही काळी हद्द पडते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये रेनर आणि टॉड या संशोधकांनी रेघेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड घेऊन त्यातली बुरशी वेगवेगळी वाढवली आणि दाखवून दिलं की एकाच जातीचे ते दोन निराळे जीव आहेत. कधीकधी एकटी बुरशीसुद्धा आपल्याभोवती असं काळं कवच उभारते, आतला ओलावा टिकावा म्हणून. झायलारिया गटातल्या बुरशी यात पटाईत. त्या रेघा बहुधा वळून स्वतःलाच येऊन मिळतात.

आपल्याला जी रेघ दिसते, ती खरं तर रेघ नसतेच. ओंडक्याच्या आत तो एक पातळ, वाकडातिकडा पडदा असतो, आणि करवतीनं तो जिथं कापला जातो तिथं रेघ दिसते. त्या चित्रकाराकडे त्याच ओंडक्याची शेजारची फळी होती. तीच रेघ तिच्यावर जराशी सरकलेली, थोडी जास्त वाकलेली. पदर कपाळावरून कानामागे गेला होता.

रेघेच्या एका बाजूचं लाकूड पांढरट आणि दुसऱ्या बाजूचं तपकिरी का, तर एकीकडच्या बुरशीनं लिग्निन जास्त खाल्लेलं असतं. लिग्निन हा लाकडाचा तपकिरी, पेशींना घट्ट धरून ठेवणारा घटक. तो गेला की सेल्युलोजचा फिकटपणा उरतो. म्हातारीच्या गालावरचा उजेड हाच. फक्त तिथं नख दाबून पाहावं. नख रुतलं तर लाकूड फार पुढे गेलेलं असतं आणि कोळशाची कांडी तिथं अडखळते.

सगळेच काळे डाग बुरशीचे नसतात. जुन्या बैलगाडीचं बाभळीचं चाक पाहा, लोखंडी धाव आणि खिळ्यांच्या आजूबाजूला लाकूड निळंकाळं झालेलं असतं. बाभळीतलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि पावसात विरघळलेलं लोह यांचा तो संयोग आहे. हिरड्यापासून शाई करताना हीच रासायनिक क्रिया वापरली जायची.

मराठवाड्याची हवा या कलेला फार अनुकूल आहे, असं माझं मत आहे. बुरशीला वाढायला लाकडात साधारण २० टक्क्यांहून जास्त ओलावा लागतो. उघड्यावर भिजणाऱ्या ओंडक्याला तो पावसाळ्यात मिळतो. पण तोच ओंडका चिरून फळ्या छपराखाली, मध्ये पट्ट्या देऊन रचल्या की चित्र बदलतं. आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकडाचा ओलावा पाच-सहा टक्क्यांपर्यंत खाली येतो, आणि भर पावसाळ्यातही छपराखालचं लाकूड सहसा १६-१७ टक्क्यांच्या वर जात नाही. बुरशी थांबते, मेलॅनिन राहतं.

आता त्या देवाच्या रूपाबद्दल. माणसाचा मेंदू चेहरा शोधायला इतका तत्पर असतो की दोन ठिपके आणि एक आडवी रेघ दिसली तरी १७० मिलीसेकंदांच्या आसपास त्याचा चेहऱ्यासाठीचा खास प्रतिसाद उमटतो. बुरशीच्या डागांत चेहरा दिसणं हा आपल्या नजरेचा गुण आहे, तो झाडाचा संदेश नाही. भक्तीला माझा विरोध नाही, पण कुजणाऱ्या खोडाभोवती पैसे गोळा करणाऱ्यांना आहे. चित्रकारही डागांत चेहराच शोधतो, फक्त आपण तो शोधला आणि पुरा केला हे तो उघड सांगतो.

ज्यांना असं चित्र करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. घासताना मास्क हवाच. लाकडाची बारीक धूळ मुळातच घातक आणि इथं तिच्यात बीजाणूही असतात. कोऱ्या फळीवर शाई वापरली तर ती उभ्या नळ्यांतून केशाकर्षणानं पसरते आणि पापणीची रेघ गालावर उतरते, म्हणून आधी लाखेच्या पॉलिशचा पातळ हात द्यावा. कोळशाला त्याची गरज नाही, उलट खडबडीत फळीच कोळसा धरते. शेवटी तेल द्यायचं तर जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी जोडलं जाऊन घट्ट बसतं, पण पुढे पिवळं पडतं. करडईचं सावकाश वाळतं, पिवळेपणा मात्र कमी. तेलाचा बोळा कोळशावर फिरवाल तर चेहरा पुसून जाईल, आधी फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा जागेवर धरून ठेवणारा फवारा, मारा. आणि फळीच्या पाठीमागेही तेवढेच हात द्या. एकच बाजू बंद केली तर दुसरी पावसाळ्यात ओलावा पिते, फुगते आणि फळी पन्हाळीसारखी वाकते.