मक्याला नत्र किती आणि कधी?

नत्र (नायट्रोजन) न दिलेला मका आणि हेक्टरी ६० किलो नत्र दिलेला मका यांतला फरक बांधावरूनच दिसतो. ६० आणि १२० मधला फरक कणसं सोलल्यावर कळतो. त्यापुढे मात्रा वाढवत नेली, की पानं गडद आणि रुंद होतात, झाड उंचावतं, पण दाण्याचं वजन त्या मानाने वाढत नाही. वारा आला की असं लुसलुशीत पीक आधी लोळतं. म्हणून उंची बघून खत ठरवू नये.

एक टन दाणा तयार व्हायला सगळं झाड मिळून साधारण २० ते २५ किलो नत्र उचलतं. त्यातलं काही जमीन देते. खतातून दिलेल्यापैकी मात्र अनेकदा जेमतेम निम्मंच पिकाला लागू पडतं. बाकीचं अमोनिया होऊन उडतं, नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली जातं, किंवा पाणी साचलं तर वायू होऊन निघून जातं. सगळा युरिया पेरणीलाच टाकणं इथेच महागात पडतं: पहिल्या तीन आठवड्यांत रोपाची भूक अगदी थोडी असते. खरी भूक गुडघाभर उंचीपासून तुरा येईपर्यंतची.

हेक्टरी १२०:६०:४०, म्हणजे १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि ४० किलो पालाश (पोटॅश), ही मात्रा धरू. ६० किलो स्फुरदासाठी १३० किलो डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) लागतं, त्यातून साडेतेवीस किलो नत्रही येतं. हे नत्र वजा न करता युरिया मोजणं ही नेहमीची चूक. उरलेल्या नत्रासाठी २१० किलो युरिया पुरतो: पेरणीला ३६, महिन्याने ८७ आणि तुरा दिसण्याआधी ८७. पालाशसाठी ६७ किलो म्युरेट ऑफ पोटॅश पेरणीलाच. खत बियापासून ५ सेंमी बाजूला आणि ५ सेंमी खाली पडावं. युरिया बियाला चिकटून पडला तर त्यातून सुटणारा अमोनिया कोंब मारतो. वरखत, म्हणजे उभ्या पिकाला दिलेला युरिया, वाफशावर (माती ओलसर पण चिखल नसताना) देऊन मातीआड करावं. पानं ओली असताना फेकलं की युरियाचे दाणे पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत) अडकून पानं करपतात.

कमतरता पानावर वाचता येते. नत्र कमी पडलं तर खालच्या पानाचा पिवळेपणा टोकापासून मधल्या शिरेने आत सरकतो. पालाश कमी असेल तर कडा करपतात. कोवळ्या रोपाची जांभळी पानं स्फुरदाची कमतरता सुचवतात, पण थंडीतही तसंच होतं, तेव्हा लगेच खताकडे धावू नये.

कणसाचं टोकही बघावं. ओळींची संख्या बरीचशी वाणाने ठरते, आणि ती नेहमी सम असते. पण ओळीत शेवटी किती दाणे टिकतील हे कणसाचे केसर बाहेर पडल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ठरतं. तेव्हा उपासमार झाली तर झाड टोकाकडचे दाणे आधी सोडून देतं. टोकाला बारीक, सुकलेले दाणे असतील तर ते धरले, पण झाडाने मध्येच सोडून दिले: नत्र किंवा पाणी कमी पडलं. तिथे दाण्याचा मागमूसच नसेल तर परागीकरण चुकलं, आणि त्यावर जादा युरिया हा उपाय नव्हे.

आपल्या जमिनीला किती पुरतं हे पाहायला चार ओळींना ठरलेली मात्रा, शेजारच्या चारांना पाऊणपट आणि पुढच्या चारांना सव्वापट द्यावी. दाणे वेगवेगळे वाळवून, ओलावा सारखा झाल्यावरच तोलावेत. जास्त नत्राचा मका उशिरापर्यंत हिरवा राहतो आणि त्याच्या ओल्या दाण्यातलं पाणीही काट्यावर उत्पादन म्हणून चढतं.