वाळीत टाकलेले सर्व्हर

नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतातले अनेक ट्विटरकर एकाएकी मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्याच समाजमाध्यमावर खाती उघडू लागले. निमित्त झालं सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं बंद होण्याचं. त्यांनी लावलेला फोटो १९३६ च्या हॅम्बुर्गच्या गोदीतला: सगळी गर्दी नाझी सलाम ठोकतेय आणि एकच गडी हाताची घडी घालून उभा. नाझींना नकार देणाऱ्या या माणसाच्या फोटोत ट्विटरला द्वेष दिसला! पुढे हिंदी कवी गोरख पांडे यांच्या कवितेचं एक जुनं रिट्वीटही नडलं.

मॅस्टोडॉनवर असा एकच मालक नाही. युजेन रोश्को या जर्मनीतल्या तरुणाने २०१६ मध्ये ते आणलं. सॉफ्टवेअर फुकट; ज्याला हवं त्याने आपल्या सर्व्हरवर चढवावं आणि आपले नियम लावावेत. जीमेलवरून रेडिफला मेल जातो, तशा एका सर्व्हरवरच्या पोस्ट दुसऱ्यावर पोचतात. मात्र नको असलेल्या सर्व्हरशी संबंध तोडण्याची मुभा प्रत्येक चालकाला असते. आपल्याकडे याला सरळ वाळीत टाकणं म्हणतात. (महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर केला तोही २०१६ मध्येच. योगायोग, दुसरं काय.)

ही रीत मॅस्टोडॉनने शोधलेली नाही. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांना सुचलेलं यूजनेट हे चर्चागटांचं जाळंही विनामालकच होतं. परदेशातल्या मराठी मंडळींचा सॉक.कल्चर.इंडियन.मराठी हा गट त्यावरचाच. १९९४ मध्ये कँटर आणि सीगल या अमेरिकी वकील दांपत्याने ग्रीन कार्डची जाहिरात हजारो गटांमध्ये टाकली. लोक खवळले, आणि एका नॉर्वेजियन प्रोग्रामरने त्या जाहिराती आपोआप रद्द करणारा प्रोग्राम लिहिला. नंतर तर आख्ख्या इंटरनेट सेवादाराच्या पोस्ट उडवण्याची शिक्षा आली. तिचं नाव ‘यूजनेट मृत्युदंड’, आणि १९९७ मध्ये ती यूयूनेटसारख्या बड्या कंपनीलाही झाली. ना कोर्ट, ना अपील. सर्व्हर चालवणाऱ्यांचं एकमत झालं की पुरे.

मॅस्टोडॉनवर अशी खरी कसोटी आली जुलै २०१९ मध्ये. गॅब हे अमेरिकेतल्या कडव्या उजव्यांचं समाजमाध्यम. २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये ११ जणांना मारणारा हल्लेखोर तिथेच लिहीत असे. गॅबने मॅस्टोडॉनचा कोड उचलला. परवानाच मुक्त, त्यामुळे रोश्को अडवू शकत नव्हते. मग बहुतेक सर्व्हरांनी गॅबशी संबंध तोडले आणि काही अॅप बनवणाऱ्यांनीही त्याला आपल्या अॅपमधून वगळलं. गॅब बंद पडलं नाही. तिथले लोक बोलत राहिले, पण शेजारी ऐकेनात. बोलण्याचा हक्क आणि ऐकवण्याचा हक्क वेगळे, हे मला इथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं ट्विटरच्या कुठल्याही भांडणात दिसलं नाही.

चारच महिन्यांनी आलेल्या भारतीयांची अडचण मात्र निराळी. बहुतेकांचा सर्व्हर जर्मनीत, देखरेख करणारे मूठभर, बरेचसे हौशी. जातीवरून दिलेली शिवी त्यांना कळणार कशी? त्यासाठी भाषा यावी लागते आणि गावही माहीत असावं लागतं. ट्विटरच्या नोकरांनाही ते जमत होतं असं नाही, पण निदान त्यांना पगार होता.

पुढच्याच महिन्यात ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनी ब्लूस्काय या खुल्या समाजमाध्यमाच्या प्रकल्पाची घोषणा केली. तिथे २०२४ पासून पोस्ट आणि खात्यांवर खुणेच्या चिठ्ठ्या (लेबलं) लावण्याचं काम कुणालाही करता येतं. चिठ्ठी दिसली की पोस्ट लपवायची की नाही, ते वाचणाऱ्याने ठरवायचं. एप्रिल २०२५ मध्ये तुर्कस्तान सरकारच्या मागणीवरून ब्लूस्कायने काही खाती त्या देशापुरती झाकली, तीही अशाच चिठ्ठ्यांनी. ब्लूस्कायच्या स्वतःच्या अॅपमधून ती तिथे दिसेनाशी झाली. बाहेरच्या लोकांनी बनवलेल्या काही अॅपांवर त्या चिठ्ठ्या पाळण्याची सक्ती नव्हती. त्यांत ती खाती तुर्कस्तानातही उघडत राहिली.