कानसेन (ग्रामीण विदर्भ)

शास्त्रीय संगीत स्वतः गात-वाजवत नसला तरी जाणतेपणी ऐकणारा श्रोता. ‘तानसेन होता आले नाही तरी कानसेन व्हावे’ या वचनातून शब्द रूढ झाला. तो हिंदीतही याच अर्थाने चालतो, आणि नागपूर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा द्विभाषिक प्रांताची राजधानी होते. तेव्हा विदर्भात तो हिंदीकडून आला असण्याचा संभव आहे. खेड्यातल्या श्रोत्याला रागाची माहिती कोठून मिळते, एवढाच प्रस्तुत नोंदीचा विषय आहे.

खेड्यात राग आधी चालीच्या रूपाने कानावर पडतो. नाव मागाहून कळते. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेचा काकडा, सायंकाळचा हरिपाठ, एकादशीचे भजन ही पहिली शाळा. मृदंग, टाळ, पेटी आणि आठ मात्रांचा भजनी ठेका यांवर कान तयार होतो. यावली (जि. अमरावती) येथे जन्मलेल्या तुकडोजी महाराजांच्या (१९०९–६८) खंजिरी भजनांनी आणि त्यांच्या गुरुकुंज मोझरी येथील आश्रमाच्या प्रभावातील गावांत रुजलेल्या सामुदायिक प्रार्थनेने हा संस्कार वारकरी फडांपलीकडे नेला.

या शाळेत शिकलेला श्रोता पहिल्यांदा अडतो तो बहुधा भूपाळीपाशी. काकड्यातली भूपाळी पहाटेची. आकाशवाणीवर मात्र भूप (भूपाळी) हा राग रात्रीच्या पहिल्या प्रहरी लागतो. ‘हे त काकड्यातली चाल हाय, रातच्याले कायले लावली?’ हा वऱ्हाडी प्रश्न अडाणी नाही. अभ्यासकांतही त्याबद्दल एकमत नाही. एका मतानुसार ‘भूपाळी’ हे नाव ‘भूपाल’ म्हणजे राजा, त्याला (पुढे देवाला) जागे करण्याच्या गीतांवरून आले व रागाशी त्याचा संबंध नाही. दुसऱ्या मतानुसार ते रागनामच आहे. दुसऱ्या मताला आधार असा, की कर्नाटक संगीतातील ‘भूपालम्’ हा प्रातःकालीन राग आहे आणि त्याचेच स्वर असलेला हिंदुस्थानी भूपाल तोडीही सकाळचाच. मात्र या दोन्हींत रिषभ, गंधार, धैवत (रे, ग, ध) कोमल, म्हणजे उतरलेले आहेत. भूपात सर्व स्वर शुद्ध. त्यामुळे नाव टिकले व स्वर बदलले, असे मानावे लागते, आणि तसे मानणे फारसे अवघड नाही. त्यात भर देशकार रागाची. सा रे ग प ध हे पाचही स्वर भूपाचेच, पण भूपात गंधार वादी (रागातला मुख्य स्वर) व धैवत संवादी (त्याखालोखालचा), देशकारात नेमके उलट. भूप कल्याण थाटाचा (थाट म्हणजे स्वरांवरून केलेला रागांचा गट), देशकार बिलावलाचा व सकाळचा. काकड्यातल्या अनेक चाली धैवतावर रेंगाळतात. त्यांना भूपापेक्षा देशकाराच्या जवळच्या म्हणणे योग्य ठरेल, गाणाऱ्यांनी तसे नाव दिले नसले तरी.

रागाला नाव दिले रेडिओने. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम १९५२ पासून शनिवारी रात्री प्रसारित होऊ लागला. गायनापूर्वी निवेदक राग, ताल, गायक सांगे. तेवढेच श्रोत्याचे पाठ्यपुस्तक. वर्धा जिल्ह्यातील एका शिक्षकाची अशी वही प्रस्तुत नोंदकाराने पाहिली आहे: तारीख, राग, ताल, आणि शेवटच्या रकान्यात ओळखीची चाल. ‘जोगकंस’ तिथे ‘योगकंस’ झाला आहे, आणि पावसाळी मियाँमल्हारापुढे फक्त ‘ढग’ असे लिहिले आहे. रात्री मध्यमलहरींवर दूरची केंद्रे एकमेकांत मिसळत. काही ओळींपुढची प्रश्नचिन्हे त्यामुळे असावीत. आणखी एक विसंगती: १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. म्हणजे ज्या वाद्यावर गावाचा कान घडला, तेच ‘शास्त्रीय’ म्हणून कानी येणाऱ्या गाण्याच्या साथीला नव्हते.

पुस्तके तालुक्याच्या पलीकडे क्वचितच पोचली. संगीतशास्त्रज्ञ वि. ना. भातखंडे (१८६०–१९३६) यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीत व गुरुशिष्यसंवादाच्या रूपात असल्याने एकट्याने वाचणाऱ्यास सोयीची. पण गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणारा गायक-शिक्षक विष्णु दिगंबर पलुसकरांच्या स्वरलिपीशीही परिचित होतो, आणि तिथे घोटाळा होतो: भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचा बिंदू तारसप्तकाचा (वरच्या), पलुसकर पद्धतीत मंद्राचा (खालच्या). गुरू नसलेल्या वाचकाचा सूर अशा वेळी दोन सप्तके चुकतो.

पूर्व विदर्भात, म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया जिल्ह्यांत, धानकापणीनंतर रंगणाऱ्या झाडीपट्टी रंगभूमीवरील नाट्यपदांनीही श्रोत्याचा कान घडवला. वऱ्हाडात मूर्तिजापूरला जन्मलेले गायक वसंतराव देशपांडे (१९२०–८३) यांचे नाव आपुलकीने घेतले जाते. त्यांचे आरंभीचे शिक्षण नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे झाले.

अलीकडे यूट्यूबमुळे ध्वनिमुद्रणे सहज मिळतात, पण शोधायला रागाचे नाव टाइप करावे लागते, आणि या श्रोत्याकडे असते ती चाल. गुणगुणून शोधण्याची सोय मोबाइलमध्ये आहे; ती गाणे सांगते, राग सांगत नाही. त्यासाठी अजूनही भजनी मंडळातल्या पेटीवाल्यालाच गाठावे लागते.