मिस्त्रीचा रोज कसा वाढला : पार्श्वभूमी

प्लंबर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन पदवीधरांपेक्षा जास्त कमावतात, अशा बातम्या हल्ली सारख्या वाचायला मिळतात. अमेरिकेत लिफ्ट बसवणारे आणि दुरुस्त करणारे यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांचे वार्षिक वेतन २०२३ साली १ लाख डॉलरच्या वर होते. या बातम्यांचा सूर नवलाचा असतो, पण कसबी हाताला बरा पैसा मिळणे ही गोष्ट फार जुनी आहे. तो पैसा कधी वाढला आणि कधी आटला हे पाहू गेले, तर काम किती अवघड होते यापेक्षा त्या धंद्यात किती जणांना शिरता येत होते, याचाच हिशेब जास्त जुळतो.

१३४८-४९ च्या प्लेगमध्ये इंग्लंडची फार मोठी लोकसंख्या गेली. जगले-वाचले त्या कारागिरांनी साहजिकच रोज वाढवून मागितला. जमीनदार हवालदिल झाले आणि १३५१ मध्ये संसदेने कायदाच करून दर बांधून टाकले : मुख्य सुताराला दिवसाला ३ पेन्स, साध्या सुताराला २, दगड घडवणाऱ्या मुख्य पाथरवटाला ४, बाकीच्या पाथरवटांना ३ आणि त्यांच्या हाताखालच्या गड्याला दीड पेनी. याहून जास्त घेणे हा गुन्हा. संसदेला इतक्या बारकाईने दरपत्रक लिहावे लागले, यावरूनच बाजारात काय मागितले जात होते याचा अंदाज येतो. कायदा फार काळ टिकाव धरू शकला नाही. मजुरी चढतच गेली.

दक्षिण इंग्लंडमधल्या बांधकाम मजुरीची सात शतकांची आकडेवारी फेल्प्स ब्राउन आणि हॉपकिन्स या अभ्यासकांनी १९५५ मध्ये मांडली. त्यात एक चमत्कारिक गोष्ट दिसते. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपासून पहिल्या महायुद्धापर्यंत कारागिराचा रोज बिगाऱ्याच्या साधारण दीडपट राहिला. राजे बदलले, महागाई आली-गेली, पण हे प्रमाण जवळपास हलले नाही.

एवढे स्थैर्य आपोआप येत नाही. शहरांतले कारागीर संघ कुणाला धंदा शिकवायचा, किती शिकाऊ ठेवायचे, उस्ताद कुणाला म्हणायचे हे ठरवत. १५६३ च्या इंग्लिश कायद्याने सात वर्षांची उमेदवारी, म्हणजे उस्तादाच्या हाताखाली शिकणे, सक्तीची केली. कामाचा दर्जा राखणे हे त्याचे सांगायचे कारण, आणि ते अगदीच खोटे नव्हते. पण सुतारकाम शिकायला खरोखर सात वर्षे लागतात का, हा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता. फ्रान्सने १७९१ मध्ये संघ मोडीत काढले आणि त्याच वर्षी कामगारांच्या एकजुटीवरही बंदी घातली. इंग्लंडमधली उमेदवारीची सक्ती १८१४ मध्ये गेली.

दार सताड उघडे राहिले की काय होते, हे हातमाग विणकरांनी भोगले. अठराव्या शतकाच्या शेवटी सूतकताईची यंत्रे आली, सूत स्वस्त आणि मुबलक झाले, विणायला हात कमी पडू लागले. उत्तर इंग्लंडमधल्या लँकशायरचा विणकर त्या काळात चांगला कमावत होता. पण साधे सुती कापड विणायला काही आठवड्यांत शिकता येई आणि अडवणारे कुणी नव्हते. लोक लोटले. १८२० च्या सुमारास ब्रिटनमध्ये अंदाजे २ लाख ४० हजार हातमाग विणकर होते. किमान मजुरीचे विधेयक संसदेने १८०८ मध्येच फेटाळले होते. विणकरांच्या विनाशाचे खापर यंत्रमागावर फुटते. मजुरी मात्र यंत्रमाग सर्वत्र पसरण्याच्या कितीतरी आधीपासून घसरत होती.

गवंडी आणि प्लंबर या फेऱ्यातून बऱ्यापैकी सुटले. कापड गाठोडे बांधून कुठूनही आणता येते; तुंबलेली मोरी जिथे आहे तिथेच जाऊन काढावी लागते. त्यात एकोणिसाव्या शतकात सार्वजनिक आरोग्याची भीती मिसळली. चुकीच्या जोडणीतून घरात रोग शिरतो हे पटल्यावर लंडनच्या प्लंबरांच्या जुन्या संघाने १८८६ मध्ये नोंदणी सुरू केली. नोंदणीपत्र किंवा लायसन्स हे दार राखायचे नवे साधन झाले.

विजेच्या कामात धोका तर रोजचाच होता. अमेरिकेतल्या वीज कामगारांची युनियन १८९१ मध्ये सेंट लुईसला स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष हेन्री मिलर स्वतः लाइनमन होते. १८९६ मध्ये वॉशिंग्टनला खांबावर काम करताना त्यांना शॉक बसला, ते खाली पडले आणि त्यातच गेले. सुरक्षा, प्रशिक्षण आणि मजुरी या तिन्ही मागण्या या युनियनांनी एकत्रच रेटल्या. पुढे १९३१ मध्ये सरकारी बांधकामांवर त्या भागातली प्रचलित मजुरी देणे बंधनकारक झाले, १९३७ मध्ये उमेदवारीचे राष्ट्रीय निकष ठरवण्याचा कायदा आला.

या दाराची दुसरी बाजूही आहे. बापानंतर मुलगा, मग पुतण्या अशी भरती चाले आणि कृष्णवर्णीयांना कित्येक युनियन उभेच करत नसत. हे इतके उघड होते की १९६९ मध्ये निक्सन सरकारला फिलाडेल्फियातल्या सरकारी बांधकामांसाठी अल्पसंख्याकांच्या भरतीची उद्दिष्टे घालून द्यावी लागली. चांगल्या मजुरीचे कौतुक करताना हा भाग सहसा गाळला जातो.

मग हातकामाची पत घसरली कशी? दुसऱ्या महायुद्धानंतर पदवी हीच वर जायची शिडी मानली गेली. गंमत म्हणजे, माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या अमेरिकेच्या ज्या १९४४ च्या कायद्याला याचे श्रेय देतात त्याखाली शिकलेल्या ७८ लाख माजी सैनिकांपैकी कॉलेजात गेले २२ लाखच. उरलेले ५६ लाख धंदेशिक्षण, शेतीचे प्रशिक्षण, कामावरची उमेदवारी अशा वाटांनी गेले. तरी पुढच्या दशकांत शाळांमधली कार्यशाळा ही अभ्यासात मागे पडलेल्यांची जागा समजली जाऊ लागली. नवी मुले येईनात, जुने मिस्त्री म्हातारे झाले. आजच्या टंचाईत याचा वाटा मोठा आहे.

मिस्त्रीचा रोज वाढण्याचे दुसरे कारण अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये नाटक-संगीताच्या अर्थकारणावर लिहिताना मांडले. कारखान्यात दर माणशी उत्पादन वाढते, मजुरी वाढते. ज्या कामात असा वेग वाढत नाही तिथेही मजुरी वाढवावीच लागते, नाहीतर माणूस टिकणार कसा? जुन्या भिंतीतला पाइप बदलायला आजही जवळपास तेवढाच वेळ लागतो. आणि प्रत्येक घराची भिंत वेगळी, त्यामुळे यंत्रालाही ते काम सहजी जमत नाही.

अर्थात ग्राहकाने मोजलेला तासाचा दर म्हणजे कारागिराची कमाई नव्हे. त्यातून गाडी, अवजारे, विमा आणि बिनकामाचे दिवस वजा होतात. गुडघे आणि कंबर पन्नाशीच्या आत कुरकुरू लागतात तो खर्च कुठल्या बिलात लिहिलेला नसतो.

दाराचा वाद संपलेला नाही. जर्मनीने २००४ मध्ये ५३ व्यवसायांसाठी स्वतःचा धंदा काढायला लागणारी उस्तादाच्या परीक्षेची अट काढून टाकली. फरशी बसवणाऱ्यांच्या धंद्यात एकट्या माणसाच्या कंपन्या भराभर उगवल्या आणि शिकाऊ घेणारे कमी झाले. २०२० मध्ये १२ व्यवसायांना ती अट पुन्हा लागू झाली, त्यात फरशीकामही आहे.