मुलाच्या पेशी स्वमग्नतेच्या संशोधनाला द्यायच्यात? अर्ज अडकतो तो इथे

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या: हा उपचार नाही. मुलाचं थोडं रक्त किंवा त्वचेचा तीन-चार मिलिमीटरचा तुकडा घेतात, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत पुन्हा मूलपेशींच्या, म्हणजे ज्यांपासून शरीरातली जवळपास कुठलीही पेशी घडू शकते अशा पेशींच्या, अवस्थेत नेतात (शिन्या यामानाका यांच्या गटाला माणसाच्या पेशींवर हे २००७ साली साधलं) आणि त्यांपासून चेतापेशी (मेंदूत असतात तशा पेशी) वाढवतात. मेंदूला हात न लावता, त्याच मुलाची जनुकं असलेल्या चेतापेशी एकमेकींशी कशा जुळतात ते पाहता येतं. मुलाच्या अंगात परत काहीच जात नाही. ‘मूलपेशी टोचून बरं करतो’ म्हणत कोणी पैसे मागत असेल, तर तिथून उठा.

ओळखपत्र, चालू औषधांची यादी वगैरे सगळ्यांकडे असतं. अर्ज परत येतात ते निदानाच्या कागदावरून. लोक लॅमिनेट केलेलं एका ओळीचं प्रमाणपत्र आणतात. संशोधकांना हवा असतो एडॉस-२ किंवा एडीआय-आर या स्वमग्नतेच्या निदानासाठीच्या चाचणीचा गुणांसकट अहवाल. तो बहुधा चाचणी घेणाऱ्याच्याच फायलीत पडून असतो. त्याची प्रत मागून घ्या. जनुकीय चाचणी झाली असेल तर तिचाही पूर्ण अहवाल द्या, कारण काही अभ्यासांना फक्त शँक-३ या जनुकात किंवा १६पी११.२ या सोळाव्या गुणसूत्राच्या तुकड्यात बदल असलेलेच लोक हवे असतात. तिथे नकार आला तर चूक तुमची नाही.

मुलगा अठरा वर्षांचा झाला की बहुतेक ठिकाणी आईवडिलांची सही चालत नाही. त्याला समजत असेल तर सही त्याचीच. नसेल तर कायदेशीर पालकत्वाचा आदेश लागतो, आणि नेमका तोच कोणाकडे नसतो. अठराव्या वाढदिवसाची वाट पाहू नका.

संमतीपत्राच्या तळाशी आवृत्ती क्रमांक असतो. जुनी आवृत्ती भरली की अर्ज बाद. सहीची तारीख नमुना घेतल्यानंतरची असली तरी तेच. माघार कधीही घेता येते, पण इतर प्रयोगशाळांना आधीच गेलेल्या पेशी सहसा परत येत नाहीत; ते कलम दोनदा वाचा.

मुलाचीही संमती लागते. न बोलणाऱ्या मुलापुढे पानंच्या पानं मजकूर ठेवून ‘समजले का?’ अशी चौकट ज्याने काढली, त्याला काय म्हणावं! चित्रांची आवृत्ती मागा. मुलाने हात मागे ओढला तर तो नकारच समजा.

रक्ताचा नमुना लवकर प्रयोगशाळेत पोचावा लागतो, म्हणून सुट्टीच्या आदल्या दिवसाची वेळ घेऊ नका.